परीक्षेचें विद्यापीठ आणि शोधाचें विद्यापीठ

विद्यापीठ हा शब्द उच्चारतांच आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत प्रथम आठवतात त्या गोष्टी म्हणजे परीक्षा, गुणपत्रिका आणि पदवीदानाचा समारंभ. नवें ज्ञान निर्माण करणारी संस्था म्हणून विद्यापीठाकडे पाहण्याची संवय आपणांस अद्याप पुरतीशी लागलेली नाहीं. गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत अध्यापन करीत आहों. एखादा बुद्धिमान् विद्यार्थी संशोधनाकडे वळूं पाहतो, तेव्हां त्याचे वडील आमच्याकडे येऊन मोठ्या अदबीनें दोनच प्रश्न विचारतात : “सर, याला किती वर्षें लागतील, आणि पुढें मिळेल काय?” हे प्रश्न वडिलांस शोभणारेच आहेत; परंतु त्यांचें खरें उत्तर आम्हांस कधींच देतां आलेलें नाहीं. तें कां देतां येत नाहीं, हें मुंबई-पुण्याकडील संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें.

मुंबईच्या विद्यापीठाचा जन्मच मुळीं परीक्षा घेण्यासाठीं झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें हिंदुस्थानांत विद्यापीठें स्थापण्याचें ठरलें, त्या वेळीं राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढें नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. तें विद्यापीठ तेव्हां स्वतः शिकवीत नसे. निरनिराळ्या कॉलेजांत शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांस पदव्या देणें एवढेंच त्याचें काम. त्याच धर्तीवर १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं. मुंबईच्या फोर्ट भागांत विद्यापीठाच्या ज्या दोन देखण्या वास्तु १८७० च्या दशकांत उभ्या राहिल्या, त्यांतील एक पदवीदानाचें सभागृह व दुसरी राजाबाई मनोऱ्याखालचें ग्रंथालय. प्रयोगशाळेस तींत जागा नव्हती, व असण्याचें कांहीं कारणहि नव्हतें.

याच्या उलट, १८१० सालीं विल्हेल्म फॉन हुंबोल्ट याच्या पुढाकारानें बर्लिन येथें जें विद्यापीठ स्थापन झालें, त्यांत अध्यापन व संशोधन हीं एकाच कार्याचीं दोन अंगें मानिलीं होतीं. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. न्यायमूर्ति रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. भांडारकरांनीं जुन्या हस्तलिखितांचा शोध केला व दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहून १८८४ त प्रसिद्ध केला. त्या कार्याचा गौरव म्हणून गॉटिंगेनच्या जर्मन विद्यापीठानें १८८५ सालीं त्यांस सन्मानाची डॉक्टरेट अर्पण केली. परीक्षेच्या घरांत जन्मलेल्या या पहिल्या संशोधकाला शोधाच्या घरानें असें ओळखलें. आपल्या घरांत शोध आला तो मात्र हळूहळू, आणि निरनिराळ्या दारांनीं.

पहिलें दार वैद्यकाचें, आणि तें संकटानें उघडलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांस ग्रंथिज्वराचा म्हणजे प्लेगचा रोगी आढळला. पाश्चर संस्थेंत तयार झालेले व हिंदुस्थानांत पटकीची लस टोंचण्याचें काम करीत असलेले वाल्डेमार हाफकिन यांस सरकारनें मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून व तीन पट्टेवाले मिळाले. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, व नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. बंदिवानाच्या संमतीला किती किंमत द्यावी, हा प्रश्न आजचा वैद्य विचारील, व विचारावाच. तथापि प्रयोगकर्त्यानें आधीं स्वतःचा दंड पुढें केला होता, हेंहि विसरतां येत नाहीं. त्याच साथींत रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले पुण्यास मृत्यु पावल्या. प्रयोगशाळेंतील तीन महिने म्हणजे बाहेर किती घरें ओस पडण्याचा अवधि, हें यावरून ताडावें.

पुढें १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल नांवाच्या गांवीं एका बाटलीतील लस टोंचलेल्या १९ माणसांस धनुर्वात होऊन तीं सर्व दगावलीं. चौकशी झाली, दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला व हाफकिन कामावरून दूर झाले. परंतु त्याच दिवशीं इतर बाटल्यांतील लस ज्यांनीं घेतली त्यांस कांहींच अपाय झाला नव्हता. बाटली उघडतांना चिमटा भुईवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, असें मागाहून पुढें आलें. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून आवाज उठविला, तेव्हां कोठें हाफकिन निर्दोष ठरले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ त त्यांचें नांव मिळालें. पुराव्याचा कागद सरकारच्या दप्तरांत आधींच होता. तो न्यायबुद्धीनें वाचण्यास पांच वर्षें लागलीं.

दुसरें दार समाजशास्त्राचें. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः प्राध्यापक नेमून शिकविण्याची मुभा दिली. कलकत्त्यास आशुतोष मुखर्जींनीं तिचा लाभ झपाट्यानें घेतला. मुंबईची चाल संथ होती. तरीहि १९१७ सालीं मुंबई विद्यापीठानें आपल्या अर्थशास्त्रीय मालेचें पहिलें पुस्तक काढलें, तें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या एका खेड्याविषयीं लिहिलेलें होतें. मॅन हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं खेड्यांतील जमीन, पाणी, पीक, कर्ज या साऱ्यांची घरोघर मोजदाद केली व जुन्या दप्तरांशीं ती ताडून पाहिली. पेशवाईंत, १७७१ सालीं, त्या गांवीं दर खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ त ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली होती. जी उरली तीहि वांटण्या होऊन तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेली.

हे आंकडे कोणासच सुखावह नव्हते. आपल्या अमलाखालीं रयत सुखी आहे असें मानणाऱ्या सरकारासहि नव्हते, आणि खेडें म्हणजे समाधानाचें माहेरघर असें मानणाऱ्या शहरांतल्या आम्हां पांढरपेशांसहि नव्हते. प्रश्न मात्र त्यानंतर दडवितां येईना, व १९४७ सालीं मुंबई प्रांतांत तुकडेबंदीचा कायदा झाला. आज पिंपळे सौदागर हें संगणकाच्या धंद्यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. तेथें राहणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, आपल्या पायांखालच्या मातीची एकेक गुंठ्यानें मोजणी होऊन या देशांतील ग्रामीण संशोधनाचा एक पाया तेथें घातला गेला?

१९१९ त विद्यापीठानें समाजशास्त्राचा विभाग काढून पॅट्रिक गेडीस यांस प्राध्यापक नेमलें. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं तो वाढविला. घुर्ये यांच्या हाताखालीं १९२८ सालीं एम्. ए. होऊन इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे गुरु ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या मताचे होते, व पुढें नाझींच्या वंशविषयक धोरणास त्यांच्या विद्येचा आधार मिळाला. कवटीच्या दोन बाजूंच्या ठेवणींतील फरकाचा वंशाशीं संबंध लागतो काय, हें तपासण्याचें काम इरावतीबाईंकडे आलें. त्यांनीं कवट्या मोजल्या, आणि असा संबंध आढळत नाहीं असें लिहून दिलें. परदेश, परभाषा, पदवी गुरूच्या हातीं, आणि उत्तर गुरूच्या मताविरुद्ध! परीक्षेंत परीक्षकास हवें तें उत्तर लिहिणारा शहाणा ठरतो. संशोधनांत तोच शहाणपणा अपराध होतो. दोन विद्यापीठांतील भेद इतक्या थोडक्यांत दाखविणारें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

तिसरें दार तंत्रविद्येचें. मुंबईंत कापडाच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आल्या होत्या. परंतु कापडास लागणारा कृत्रिम रंग परदेशांतून येई. १ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू झाला, तो वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी यांचें शिक्षण देण्यासाठीं. १९३८ त के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनांतील त्यांचा अधिकार जगन्मान्य होता. १९४३ त विभाग माटुंग्यास गेला. याच विभागांत घडलेले मनमोहन शर्मा हे १९९० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते. येथें शोधाला कारखान्याची साथ लाभली, म्हणून वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि येथें सोपें झालें. परंतु या यशानें एक गैरसमजहि बळावला. ज्याचा बाजारांत उपयोग दिसतो तेवढेंच संशोधन पोसावें, असें आपल्यांतील पुष्कळांस वाटूं लागलें.

त्या समजाला उत्तर आहे तें चौथ्या दाराशीं. भांडारकरांच्या ऐंशींव्या वाढदिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवाची प्राच्यविद्या संस्था पुण्यास स्थापन झाली. ही विद्यापीठाची शाखा नव्हे. विद्यापीठाला जें करतां आलें नाहीं तें करण्यासाठीं विद्यापीठाच्याच पदवीधरांनीं उभारलेलें घर होतें. १९१९ त तिनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या मिळवावयाच्या, त्यांतील ओळ न् ओळ एकमेकींशीं ताडावयाची, आणि सर्वांच्या मुळाशीं असलेला प्राचीनतम पाठ कोणता तें ठरवावयाचें, असें तें काम. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर हे प्रधान संपादक होते. केंब्रिजला गणित शिकलेला व बर्लिनला संस्कृताची चिकित्सा शिकलेला असा हा विद्वान्. एकटें आदिपर्व पुरें होण्यास १९३३ साल उजाडलें. १९४३ च्या जानेवारींत सुखटणकर वारले. त्यांच्यामागून श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं धुरा वाहिली, आणि १९६६ सालीं ग्रंथ समाप्त झाला. सत्तेचाळीस वर्षें! ज्यांनीं आरंभ केला त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं शेवट पाहिला नाहीं, आणि तो आपण पाहूं या अपेक्षेनें त्यांनीं आरंभ केलाहि नसावा.

या श्रमाचें फळ तरी गोड होतें काय? व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहून घ्यावें, ही आपल्या घराघरांत लहानपणीं ऐकलेली कथा प्राचीन पाठांत टिकेना. सुखटणकरांस ती मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत ठेवावी लागली. द्रौपदीनें कृष्णाचा धांवा केल्याचें वर्णन सभापर्वाचे संपादक, अमेरिकन पंडित एजर्टन, यांनीं असेंच बाजूस ठेविलें. ज्या पुण्यांत गणेशोत्सव घरोघर होतो, त्याच पुण्यांतल्या विद्वानांनीं हें केलें, आणि त्यांची श्रद्धा कमी होती म्हणून केलें नाहीं. पोथ्या जें सांगत होत्या तें त्यांनीं लिहिलें, व जें गाळलें तेंहि तळटीपांत व परिशिष्टांत जसेंच्या तसें जपून ठेविलें, म्हणजे पुढच्या माणसाला त्यांची चूक काढतां यावी. पुढें इरावतीबाईंनीं ‘युगान्त’ लिहितांना याच संहितेचा आधार घेतला. ‘युगान्त’ वाचून भारावलेल्या सहस्रावधि मराठी वाचकांस त्या पुस्तकामागें उभ्या असलेल्या या अर्धशतकाची कल्पना असेलच असें नाहीं.

वैद्यकांत तीन महिने, खेड्यांत कांहीं वर्षें, ग्रंथशोधनांत सत्तेचाळीस वर्षें : संशोधनाचें मान हें असें. त्यांतील कोणताहि अवधि आधीं ठरवितां आला नसता, व कोणतेंहि उत्तर आधीं मागून घेतां आलें नसतें. परंतु परीक्षेच्या घराची जुनी खोड सहजासहजी जात नाहीं. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राध्यापकांच्या संशोधनासच गुण देण्याची पद्धति घालून दिली. इतक्या निबंधांस इतके गुण, आणि गुण भरले म्हणजे बढती. पुढें त्या नियमांत फेरफार झाले, पण गुण मोजण्याची वृत्ति गेली नाहीं. त्या कोष्टकांत आदिपर्वाचीं आठ वर्षें कोणत्या रकान्यांत बसलीं असतीं, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळां केला आहे. आम्ही स्वतः ते तक्ते भरले आहेत, व गुण वाढावेत म्हणून एका निबंधाचे दोन केले आहेत, हेंहि येथें कबूल करणें बरें. म्हणून वडिलांनीं विचारलेल्या प्रश्नांवर रागावण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं; तेच प्रश्न आम्हीहि मनाशीं विचारीत आलों.

तरी वाचकांस एक विनंति आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी संशोधन करूं म्हणेल, तेव्हां किती वर्षें व काय मिळकत हें अवश्य विचारावें. संसार कोणासहि चुकलेला नाहीं. पण त्याआधीं, तुझा प्रश्न कोणता आहे, आणि उत्तर तुला नको असलेलें निघालें तर तूं तें लिहिशील काय, एवढें विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाला जो थोडा वेळ थांबून ‘होय’ म्हणेल, त्याच्या वडिलांस आम्ही यापुढें सांगूं कीं, वर्षें मोजूं नका.