सोळा दिवसांची जर्सी

#थ्रेड

१/ शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानाबाहेर दोरीवर फुटबॉलच्या जर्सी टांगलेल्या दिसतात. पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे. छातीवर बार्सिलोना, रेआल माद्रिद, मँचेस्टर युनायटेड. किंमत दोन-तीनशे रुपये. यांतली क्लबने अधिकृतपणे विकलेली क्वचितच सापडेल. मोठ्या युरोपीय क्लबची अस्सल जर्सी भारतात सुमारे पाच हजार रुपयांना मिळते. या दोन किमतींमधील दरीला एक इतिहास आहे, आणि तो जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

२/ प्रथम हिशेब. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे पाच हजारांची जर्सी ही सोळा दिवसांची मजुरी. त्याच हंगामात इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडची जर्सी ८५ पौंडांना होती आणि तेथील किमान वेतन तासाला १२.२१ पौंड. तेथील मजुराला ती सात तासांच्या कामात मिळते. मुलांच्या मापाची जर्सी थोडी स्वस्त असते, पण घरात मुले दोन असली की तो दिलासाही संपतो.

३/ क्लबच्या रंगाचा कपडा विकत घेतल्याशिवाय क्लबवर प्रेम करता येत नाही, ही समजूत जुनी नाही. मुंबईत रोव्हर्स करंडक १८९१ मध्ये सुरू झाला. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. मैदान न दिसणाऱ्या गर्दीला गुणसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले. त्या गर्दीतले लोक आपापल्या रोजच्या धोतर-सदऱ्यात आले होते.

४/ इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळे नव्हते. प्रेक्षक कोट-टोपी घालून येत. निष्ठा दिसे ती छातीवर लावलेल्या कापडी फुलातून किंवा घरी विणलेल्या लोकरी मफलरमधून. मुलांसाठी खेळाचे कपडे मिळत, पण ते साधे असत. लाल सदरा पांढऱ्या बाह्यांचा असला की तो आर्सेनलचा, सबंध लाल असला की लिव्हरपूलचा. तो कोणीही शिवावा, कोणीही विकावा. लाल रंगावर कोणाची मालकी नव्हती.

५/ ही मालकी निर्माण झाली लेस्टरजवळच्या विगस्टन या गावातल्या एका कारखान्यात. तेथे आतले कपडे बनवणारी एक जुनी कंपनी होती. तिचे प्रमुख बर्ट पॅट्रिक यांनी ‘ॲडमिरल’ या नावाने खेळाचे कपडे काढले. १९७३ मध्ये त्यांनी लीड्स युनायटेडचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांच्याशी बोलणी केली. तोवर संघ आपले कपडे विकत घेत असत. आता कंपनीच क्लबला पैसे देणार होती, आणि बदल्यात त्या कपड्याची हुबेहूब प्रतिकृती विकण्याचा हक्क घेणार होती.

६/ यातली खरी युक्ती कायद्याची होती. साध्या पांढऱ्या सदऱ्यावर कोणी हक्क सांगू शकत नाही. पण बाहीवर विशिष्ट पट्टी, गळ्याला विशिष्ट आकार, छातीवर कंपनीचे चिन्ह आले की ती ‘रचना’ होते, आणि रचनेला मालक असतो. १९७४ मध्ये ॲडमिरलने इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशीही करार केला. शतकभर साधा पांढरा असलेला सदरा लाल-निळ्या पट्ट्यांचा झाला. हा बदल शोभेपुरता नव्हता. बाजारातल्या इतर सर्व पांढऱ्या सदऱ्यांना ‘खोटे’ ठरवणारी ती रेघ होती.

७/ रचना बदलली की जुना कपडा शिळा ठरतो, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. मुलांच्या हट्टाला पालकांनी किती पुरे पडावे, अशा तक्रारी सत्तरच्या दशकातच ऐकू येऊ लागल्या. १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर हिताची कंपनीचे नाव आले. पुढे दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी नवी जर्सी. घरच्या मैदानाची एक, बाहेरची दुसरी, आणि तिसरीही.

८/ याच वर्षांत महाराष्ट्रात काय चालले होते? १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहत होती. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. एकीकडे श्रमाच्या एका दिवसाची किमान किंमत ठरवली जात होती, दुसरीकडे एका सदऱ्याची कमाल किंमत किती ताणता येईल याचा प्रयोग सुरू होता. हे दोन आकडे एकाच घरात समोरासमोर येतील, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

९/ किंमत ताणण्याचा हा प्रयोग पुढे कायद्याच्या कचाट्यात सापडला. सन २००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मोठ्यांची जर्सी ठिकठिकाणी ३९.९९ पौंडांनाच मिळे. ब्रिटनच्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ने चौकशी केली. उत्पादक आणि दुकानदार यांनी मिळून किमती ठरवल्या होत्या. स्वस्त विकू पाहणाऱ्यावर दबाव आणला होता. ऑगस्ट २००३ मध्ये उंब्रो, जेजेबी स्पोर्ट्स, मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडची फुटबॉल संघटना यांच्यासह दहा संस्थांना एकूण १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. अपिलात त्यातला काही भाग कमी झाला. दोष मात्र पुसला गेला नाही.

१०/ ‘विच?’ या ग्राहक संघटनेने त्यानंतर जेजेबीविरुद्ध दावा लावला. २००८ मध्ये तडजोड झाली आणि दाव्यात सामील झालेल्या ग्राहकांना वीस-वीस पौंड परत मिळाले. रक्कम किरकोळ, पण प्रसंग महत्त्वाचा. जर्सी महाग आहे ती केवळ कापड किंवा शिलाई महाग आहे म्हणून नव्हे, काही वेळा ती महाग ठेवली गेली म्हणून, हे सरकारी कागदावर नोंदले गेले.

११/ हा बाजार भारतात आला दूरचित्रवाणीवरून. १९८६ चा माराडोना दूरदर्शनने घरोघरी नेला. नव्वदच्या दशकात क्रीडावाहिन्यांनी इंग्लंडचे क्लब आणले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी हा क्लब जन्मला. २०१९ मध्ये त्याची ६५ टक्के मालकी मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतली. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. या क्लबच्या अंधेरीच्या मैदानावर जाण्यासाठी मात्र आसनगावहून लोकल धरून दादरला गाडी बदलावी लागते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. मोबाइलच्या पडद्यावर लंडन जितके जवळ, तितकीच अंधेरी.

१२/ चाहता आणि क्लब यांचे नाते नेहमी असे पडद्यावरचेच असते असे नाही. कोल्हापूरकडे पाहावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही तालमी-मंडळांची नावे तेथे फुटबॉल संघांची नावे आहेत. शाहू स्टेडियमवर खेळणारा मुलगा प्रेक्षकाच्या गल्लीतला, क्वचित नात्यातला असतो. आपण या संघाचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे पावती लागत नाही. पेठेचे नाव पुरते. ज्याला अशी पेठ नाही, त्याला आपलेपणाचा पुरावा अंगावर घालावा लागतो.

१३/ २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. काही सामने नवी मुंबईत झाले. त्यानिमित्त १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असे उद्दिष्ट ठेवून शाळांना चेंडू देण्यात आले. चेंडू एकदा दिला की बावीस जण खेळू शकतात. जर्सी एकालाच होते, आणि वर्षाने जुनी होते.

१४/ दोन पंचांगे येथे एकमेकांवर आदळतात. युरोपचा हंगाम ऑगस्टमध्ये उघडतो, म्हणून नवी जर्सी जून-जुलैत येते. शहापूर-मुरबाडमध्ये तो भाताच्या आवणीचा काळ. बियाणे, खत, मजुरी यांत हातातला पैसा गेलेला. शाळा जूनमध्ये उघडलेली. वह्या, दप्तर, रेनकोट डोक्यावर. भात घरात येते दिवाळीच्या सुमारास, पैसा त्यानंतर. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे तर पावसाळ्यात उचलीवरच तग धरतात. मुलाच्या मनात जर्सी सर्वांत नवी असते तेव्हा घरची गाठ सर्वांत रिकामी असते.

१५/ पावसाळ्यातल्या या चणचणीला सरकारदरबारी नाव आहे: खावटी. आदिवासी कुटुंबांना हे महिने काढता यावेत म्हणून राज्यात खावटी कर्जाची योजना होती. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ती अनुदान म्हणून पुन्हा आणली गेली. प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपये: दोन हजार रोख, दोन हजारांचे धान्य-डाळ-तेल. एका अस्सल जर्सीची किंमत या सबंध रकमेहून जास्त भरते. गोष्ट चैनीची आहे की गरजेची, हा वाद येथे आपोआप संपतो. आणि तरीही तेरा वर्षांच्या मुलाची इच्छा संपत नाही.

१६/ ती इच्छा पुरी होते दोरीवर टांगलेल्या जर्सीने. कल्याणला लागून असलेले उल्हासनगर १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. तेथील वस्तूंवरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही ठाणे जिल्ह्यातली जुनी थट्टा. थट्टेमागे कौशल्य होते: सर्वस्व गमावलेल्या माणसांनी सामान्य घरांना परवडेल अशी वस्तू बनवून दाखवली. मोठ्या नावाची स्वस्त नक्कल या भागाला नवी नाही.

१७/ कायदा याकडे कसा पाहतो? व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. विकत घेऊन अंगात घालणाऱ्या मुलाला तो गुन्हेगार ठरवत नाही. पण शाळेतला दुसरा मुलगा ठरवतो. ‘डुप्लिकेट आहे रे!’ या तीन शब्दांत १९७४ ची ती रेघ आजही ओढली जाते. कराचाही वाटा आहेच: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे करासह पाच हजारांच्या जर्सीत सुमारे साडेसातशे रुपये करापोटी जातात.

१८/ गावातला दुसरा सदरा पाहिला की सगळा व्यवहार उलगडतो. कबड्डी किंवा टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेत गावच्या संघाच्या टी-शर्टावर कोणा पुढाऱ्याचे, दुकानाचे किंवा बिल्डरचे नाव असते. ते नाव मिरवायचे म्हणून तो माणूस साऱ्या संघाचे कपडे करून देतो. क्लबच्या जर्सीवरही कंपनीचे नाव असते. त्यासाठी ती कंपनी क्लबला पैसे देते, आणि तीच जाहिरात अंगावर वागवण्यासाठी मुलाचा बापही पैसे देतो. जाहिरात करणाऱ्याकडून पैसे घ्यायचे असतात, हे गावच्या संघाला ठाऊक आहे.

१९/ म्हणून ज्या घरात सोळा दिवसांची मजुरी जर्सीला देता येत नाही, त्या घराने क्लबचे काही देणे बुडवलेले नाही, आणि त्या मुलाची निष्ठाही उणी नाही. आर्सेनलच्या, लीड्सच्या चाहत्यांच्या कित्येक पिढ्या अशी जर्सी न घालताच जगल्या, रडल्या, जिंकल्या. त्यांच्यापैकी कोणालाही आपण खोटे चाहते आहोत असे वाटले नाही, कारण तसे म्हणण्याची सोयच तेव्हा तयार झालेली नव्हती.

२०/ भाताची कापणी संपली की माहुली आणि सिद्धगडाच्या पायथ्याची खाचरे मोकळी होतात. बांध ओलांडून मुले चेंडू घेऊन उतरतात. दोन संघ ओळखू यावेत म्हणून येथे जुनीच रीत आहे: एक संघ सदरे घालून खेळतो, दुसरा सदरे काढून. काढलेले सदरे गुंडाळून गोलाच्या खांबांच्या जागी ठेवले जातात. त्यात एखादी दोनशे रुपयांची जर्सीही असते.

#इतिहास