जलद एमआरआय तंत्रे

जलद एमआरआय तंत्रे ही चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रणास (एमआरआय) लागणारा वेळ कमी करणाऱ्या पद्धतींची सामूहिक संज्ञा आहे. मेंदू किंवा मणक्याच्या तपासणीस सामान्यतः वीस ते चाळीस मिनिटे लागतात व तेवढा वेळ रुग्णाने निश्चल राहणे आवश्यक असते. लहान मुले व वेदनाग्रस्त रुग्णांना ते अनेकदा शक्य होत नाही. अशा वेळी गुंगीचे औषध द्यावे लागते.

वेळ लागण्याचे कारण

प्रतिमेची माहिती ओळीओळीने गोळा केली जाते. पारंपरिक स्पिन-इको पद्धतीत प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र रेडिओ स्पंद लागतो. दोन स्पंदांमध्ये २ सेकंदांचे अंतर असल्यास २५६ ओळींना सुमारे साडेआठ मिनिटे लागतात, आणि ही एकाच प्रकारच्या प्रतिमांची बाब झाली; एका तपासणीत असे चार-पाच प्रकार घेतले जातात.

विकास

पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली मांडलेल्या इको-प्लॅनर पद्धतीत एकाच उद्दीपनानंतर संपूर्ण प्रतिमेची माहिती मिळते. पक्षाघाताच्या तातडीच्या निदानात ती आजही महत्त्वाची आहे, मात्र हवेच्या पोकळ्यांजवळ तिच्या प्रतिमा वेड्यावाकड्या होतात. युर्गेन हेनिग यांच्या १९८६ च्या 'रेअर' पद्धतीत एका उद्दीपनानंतर अनेक प्रतिध्वनी टिपले जातात. सोळा प्रतिध्वनी घेतल्यास वरील साडेआठ मिनिटांचे काम सुमारे अर्ध्या मिनिटात होते. 'टर्बो स्पिन-इको' या नावाने ती दैनंदिन वापरात आहे.

पुढे अनेक ग्राहक कॉइलींच्या साहाय्याने काही ओळी वगळणाऱ्या समांतर पद्धती आल्या: 'सेन्स' (१९९९) व 'ग्राप्पा' (२००२). यात वेग चौपट केल्यास संकेत-गोंगाट गुणोत्तर किमान निम्म्याने घटते. मायकेल लस्टिग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संपीडित संवेदन वापरले. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने अपुऱ्या माहितीतून प्रतिमा उभारली जाते. तीत सूक्ष्म विकृती पुसली जाण्याचा अथवा नसलेली दिसण्याचा धोका असल्याने प्रतिमा केवळ सुबक दिसणे पुरेसे ठरत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावांतील रुग्णांना या तपासणीसाठी सहसा जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. मोजक्या यंत्रांवर अधिक रुग्ण तपासणे हा तेथे जलद तंत्रांचा मुख्य लाभ होय. तथापि धातूच्या वस्तूंची खातरजमा, कॉइल बसवणे व रुग्णास नीट झोपवणे यांचा वेळ कायम राहतो. म्हणून प्रतिमाचित्रण निम्म्या वेळेत झाले तरी रुग्णसंख्या दुप्पट होत नाही. १.५ टेस्ला क्षमतेच्या स्वदेशी यंत्राच्या विकासात मुंबईतील 'समीर' या केंद्रीय संस्थेचा पुढाकार आहे.