पाटीवर ‘दंतरोग तज्ज्ञ’ लिहिलंय, पण डॉक्टर खरंच स्पेशालिस्ट आहेत का? असं तपासा

तालुक्याच्या गावात आता दातांचे दवाखाने बरेच झालेत. पाटीवर कुठे ‘दंतचिकित्सक’, कुठे ‘दंतरोग तज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं. पण दातांचा डॉक्टर आणि दातांचा स्पेशालिस्ट यात फरक आहे. मुलीच्या दातांना तार बसवायची असो की अपघातात मोडलेला जबडा जोडायचा असो, हा फरक माहीत असला की पैसे आणि त्रास दोन्ही वाचतात.

आधी बीडीएस, मग एमडीएस

बारावीनंतर नीट परीक्षा देऊन बीडीएसला प्रवेश मिळतो. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप झाली की राज्य दंत परिषदेत नोंदणी होते. हा डॉक्टर दात काढणे, सिमेंट भरणे, रूट कॅनल, कवळी अशी कामं कायदेशीरपणे करू शकतो.

स्पेशालिस्ट व्हायचं तर पुढे नीट-एमडीएस परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर एकाच शाखेत तीन वर्षं रुग्णांवर उपचार, प्रबंध आणि विद्यापीठाची परीक्षा. पास झाल्यावर एमडीएस ही वाढीव पदवी परिषदेत पुन्हा नोंदवावी लागते.

कोणत्या त्रासाला कोणता डॉक्टर?

एमडीएसच्या एकूण ९ शाखा आहेत. नेहमी गरज पडते त्या अशा:

- वेडेवाकडे दात, तार : ऑर्थोडॉन्टिस्ट
- अवघड रूट कॅनल : एंडोडॉन्टिस्ट
- हिरड्यांचे आजार : पेरिओडॉन्टिस्ट
- कवळी, कॅप, ब्रिज : प्रोस्थोडॉन्टिस्ट
- लहान मुलांचे दात : पेडोडॉन्टिस्ट
- अडकलेली अक्कलदाढ, जबड्याचं ऑपरेशन : ओरल सर्जन

पदवी मिळाली म्हणजे संपलं नाही

नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी डॉक्टरांनी कार्यशाळा आणि व्याख्यानांना हजर राहून ‘सीडीई’ म्हणजे निरंतर दंतशिक्षणाचे गुण मिळवायचे असतात. ऑर्थोडॉन्टिक्स शाखेत एमडीएसनंतर ‘इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स’ची आणखी एक परीक्षा देता येते. त्यात स्वतः उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदी परीक्षकांपुढे ठेवाव्या लागतात. ती ऐच्छिक आहे. ती दिली नाही म्हणून एमडीएस डॉक्टर कमी ठरत नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय बघाल?

१. भिंतीवर राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का? ते लावणं २०१४ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे.

२. औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का? त्याची खात्री परिषदेकडे करता येते.

३. एमडीएसपुढे शाखा कोणती लिहिली आहे? नुसतं ‘एमडीएस’ वाचून थांबू नका. हिरड्यांचा एमडीएस हा तारेचा तज्ज्ञ नसतो.

४. भिंतीवर बरीच सर्टिफिकेटं असली तरी काही दिवसांचा इम्प्लांट किंवा तारेचा कोर्स म्हणजे एमडीएस नव्हे. त्या शाखेची पदवी नसेल तर स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवता येत नाही.

बाजारच्या दिवशी रस्त्यावर बसून दात बसवून देणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं. नोंदणी नसताना दातांवर उपचार करणं कायद्याने गुन्हा आहे.

खर्च झेपत नसेल तर

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत एमडीएस झालेले अध्यापक असतात आणि उपचार कमी खर्चात होतात. जाताना जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या सोबत न्या. आणि डॉक्टरांना पदवी विचारताना संकोच करू नका. विचारणं हा रुग्णाचा हक्कच आहे.