शैक्षणिक उपक्रमांच्या मूल्यमापनातील सांख्यिकीय दोष

पूरक वर्ग, नवी अध्यापनपद्धती यांसारख्या उपक्रमांमुळे विद्यार्थ्यांच्या अध्ययनात किती फरक पडला हे मोजणे म्हणजे शैक्षणिक उपक्रमाचे मूल्यमापन होय. मुले वर्षभरात एरवीही शिकतच असतात. त्यामुळे केवळ आधीचे व नंतरचे गुण ताडून निष्कर्ष काढता येत नाही. उपक्रम नसता तर गुण किती झाले असते, हे कळण्यासाठी तुलनागट आवश्यक असतो.

प्रमुख दोष

• सरासरीकडे परतणे : चाचणीत सर्वांत मागे राहिलेल्यांत त्या दिवशी आजारी असलेली मुलेही असतात. पुढील चाचणीत अशा गटाचे गुण उपक्रमाविनाही वाढतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासात ही प्रवृत्ती दाखवली.
• निवडीचा दोष : स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या शाळा मुळातच उत्साही असू शकतात.
• गळतीचा दोष : मंठा तालुक्यासह मराठवाड्यातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यांची मुले अंतिम चाचणीस नसल्यास उरलेल्यांची सरासरी फसवी ठरते.
• समूहाचा दोष : एका वर्गातील मुलांना शिक्षक एकच असतो. म्हणून प्रत्येकी ४० मुलांचे दोन वर्ग म्हणजे ८० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत.

बालसखी प्रयोग

'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात स्थानिक तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व गणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे मूल्यमापन केले. वडोदऱ्यात २००१-०२ मध्ये यादृच्छिक निवडीने काही शाळांत तिसरीला, तर उर्वरित शाळांत चौथीला बालसखी देण्यात आली. त्यामुळे प्रत्येक इयत्तेस तुलनागट मिळाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गुणांतील सरासरी वाढ पहिल्या वर्षी ०.१४ व दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी होती. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने ती सुमारे ०.१ वर आली. परिणाम ओसरतो का, हे पाहण्यासाठी नंतरही चाचणी घ्यावी लागते, हे यावरून दिसते.

असर सर्वेक्षण

२००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण शाळेत न होता घरोघरी होते, त्यामुळे शाळाबाह्य व गैरहजर मुलेही नमुन्यात येतात. मात्र एका जिल्ह्यातील सुमारे ६०० कुटुंबांच्या नमुन्यावरून तालुक्याची किंवा एखाद्या शाळेची गुणवत्ता ठरवता येत नाही.