काळीच्या मुखाशी भरतीचे गणित

काळी नदी उगम पावते ती जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ, सह्याद्रीच्या रानात, आणि सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. या मुखाशी होडी हाकणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट ठाऊक असावी लागली: आज पाणी कधी भरणार? आज छापील कोष्टक हे उत्तर वर्षभर आधी देते. ते कोष्टक कुठून आले, याचा माग काढत आपण मागे जाऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या भरतीचे भयंकर वर्णन आहे. नर्मदेच्या मुखात परकी गलबते अडकू नयेत म्हणून राजाने नेमलेले स्थानिक कोळी त्यांना भरतीबरोबर ओढून नेत आणि ओहोटी लागली की नांगर टाकून थांबत. भरतीचे ज्ञान तेव्हा असे माणसांत साठवलेले होते. कोकणात त्याचा आडाखा झाला: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि आडाखा 45 मिनिटेच धरतो. पण नव्या पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते, म्हणून चूक साचत नाही. अक्षरशत्रू माणसालाही तोंडी करता येणारे इतके नेटके गणित मला फार थोर वाटते. मात्र आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. कारवारला भरते मुंबईच्या आधी. एकच आडाखा दोन्ही बंदरांना तंतोतंत बसणे शक्य नव्हते.

1687 मध्ये न्यूटनने चंद्रसूर्याच्या ओढीतून भरतीचे कारण सांगितले. पण कारण कळले म्हणून कारवारची वेळ कळत नाही. किनाऱ्याचा आकार आणि तळाची खोली ती बदलतात. यावर तोड काढली ती भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी. भरती म्हणजे अनेक ठरावीक लयींची बेरीज, असे त्यांनी मानले. चंद्राची मुख्य लय 12 तास 25 मिनिटांची, सूर्याची 12 तासांची. त्यांच्या जोडीला लहानमोठ्या आणखी कितीतरी. ही बेरीज करणारे यंत्र त्यांनी 1872-73 च्या सुमारास घडवून घेतले. प्रत्येक लयीला एक चाक, सगळ्या चाकांवरून फिरणारा एकच दोर आणि टोकाला लेखणी.

हिंदुस्थानात भरती मोजण्याचे काम जहाजांसाठी सुरूच झाले नाही. कच्छच्या रणाकडची जमीन खचते की उचलते, हे तपासण्यासाठी भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बेअर्ड यांनी 1873-74 मध्ये कच्छच्या आखातात भरतीमापके बसवली. 1877 मध्ये सरकारने सर्वत्र नोंदी घ्यायचे ठरवले आणि 1878 मध्ये कारवारची वेधशाळा सुरू झाली. अशा ठिकाणी समुद्राशी नळाने जोडलेल्या विहिरीत तरंडा वरखाली होई आणि घड्याळाने फिरणाऱ्या पिंपावरच्या कागदावर पेन्सिल रेघ ओढी. 1883 पर्यंत कारवारला हे चालले. त्या रेघांतून प्रत्येक लयीचा त्या जागेपुरता आकार आणि वेळ काढण्यात आली. तेवढ्या भांडवलावर पुढच्या कित्येक वर्षांचे भाकीत करता येते. 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार लंडनमध्ये खास हिंदी बंदरांसाठी यंत्र तयार झाले. आपल्या बंदरांच्या भरत्या कित्येक वर्षे लंडनमध्येच मोजल्या गेल्या. 1921 मध्ये ते यंत्र डेहराडूनला आले. पुढे चाकांची जागा संगणकाने घेतली, पण गणित तेच राहिले.

या गणितात चंद्र आहे, सूर्य आहे. जोयड्याचा पाऊस नाही. काळी पुराला येते तेव्हा मुखाशी पाणी कोष्टकापेक्षा वर चढते आणि भरती लागली की पुराचा निचरा रोखला जातो. 1987 मध्ये गणेशगुडीला काळीवरचे सुपा धरण पूर्ण झाले. त्याच्या खाली कद्रा धरणही आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कद्र्यातून पाणी सोडावे लागले तेव्हा काठची गावे बुडाली. पाणी कोणत्या तासाला सोडायचे, हे ठरवताना धरणाच्या पातळीशेजारी कारवारच्या भरतीचे कोष्टकही उघडे असायला हवे.