संकटात कोणता देव टिकतो

संकट आले की देव आठवतो, असे आपण सहज बोलून जातो. आणि पोटाला अन्न नसले की देवावरचा विश्वास उडतो, हेही तितक्याच सहज म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचा छडा लावायला भिंगारइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. नगर शहराला खेटून असलेल्या या गावाजवळ, आज आलमगीर नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब मरण पावला. तिथून फार दूर नाही अशा, भिंगार नाल्याजवळच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद बंदिवासात होते. मधल्या काळात या जिल्ह्याने दुष्काळाचे आणि साथींचे किती फेरे सोसले! हे सगळे समोर ठेवून पाहिले की वाटते, संकट कुणाला आस्तिकही करत नाही आणि नास्तिकही. संकट येण्यापूर्वी माणसाने देवाशी कसले नाते ठेवले होते, यावर पुढचे ठरते. मोबदल्याच्या आशेवर उभी असलेली, म्हणजे नवसाची श्रद्धा संकटात मोडते किंवा भीतीत उतरते. काही न मागणारी श्रद्धा टिकते, आणि विचारातून आलेली अश्रद्धाही टिकते.

औरंगजेबाचेच पाहू. १६८१ साली दख्खनेत उतरलेला हा बादशहा पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. पंचवीस वर्षे तंबूत गेली. १७०० साली माण नदीला रात्री अचानक पूर आला, छावणी बुडाली आणि जीव वाचवण्याच्या धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला. त्यानंतर तो लंगडतच चालला. पुढच्या तीन-चार वर्षांत दुष्काळ आणि रोगराईने त्याची फौज आणि रयत दोन्ही खंगली. एक मुलगा बंड करून इराणात गेला तो परत आला नाही. १७०६ च्या जानेवारीत बादशहा नगरला पोचला तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचा होता. पण या हालांनी त्याला धर्माकडे वळवले असे म्हणता येत नाही. १६४७ साली बल्खच्या स्वारीत भर लढाईत खाली उतरून त्याने नमाज पढल्याची हकीकत प्रसिद्ध आहे; तेव्हा तो तिशीतही नव्हता. श्रद्धा आधीपासून होती, बदलला तो तिचा रंग. अखेरच्या दिवसांत आझम आणि कामबक्ष या मुलांना लिहिलेली म्हणून जी पत्रे सांगितली जातात, त्यांत विजयाची खात्री कुठेच नाही. आपल्या पापांचे ओझे आहे आणि पुढे काय शिक्षा होईल ही धास्ती आहे. राज्य चालवणे हीच ईश्वरसेवा, असे मानून ज्याने जिझिया पुन्हा बसवला, त्याला शेवटी त्या सेवेचा हिशेब जुळेना. श्रद्धा गेली नाही, भरवसा गेला. खुलताबादची त्याची बिनछपराची साधी कबर मला त्या भीतीचीच खूण वाटते.

याच मुलखाने त्याआधी १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पाहिला होता. निजामशाहीचा मुलूख त्यात ओस पडला. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, गावात पत उरली नाही. तुकोबा त्यानंतर विठ्ठलाकडे अधिकच वळले. आता अडीचशे वर्षे पुढे येऊ. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत तीर्थयात्रा करत फिरणारे अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी अशी तिघे काही महिन्यांच्या अंतराने दुष्काळात गेली. मागे राहिलेली रमा, म्हणजे पुढे पंडिता रमाबाई, हिचा देवदेवतांवरचा विश्वास त्याच भुकेने खिळखिळा केला. भूक तीच आणि दोन्ही घरे भक्तांची, मग वाट वेगळी का झाली? रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात याचे उत्तर आहे. शास्त्रांत सांगितलेले सारे त्यांच्या घराने केले होते: पूजा, उपवास, दानधर्म, तीर्थस्नाने. जवळचा पैसा त्यात संपला. ठरलेले फळ मात्र मिळाले नाही. जिथे फळाचे वचन असते तिथे ते वचन खोटेही ठरू शकते. तुकोबांच्या विठ्ठलाने कसले वचनच दिले नव्हते, आणि तुकोबांनी नवसाची तर उघड टर उडवली आहे. वारीला जाणारा माणूस विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, पण करार करत नाही. म्हणून दुष्काळात त्याचा करार मोडण्याचा प्रश्नच येत नाही.

यावर पहिला आक्षेप नगर जिल्ह्यातूनच येईल. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या काळात महार-मांग समाजातली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. हा तर धान्याच्या मोबदल्यात घेतलेला देव, असे तेव्हाही म्हटले गेले. ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा अजून ऐकू येतो. केवळ धान्यासाठी आलेले लोक असतीलच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण असा माणूस पाऊस पडल्यावर मागे फिरतो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत आजही मराठी ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने नांदतो, तो एका सालच्या ज्वारीवर टिकलेला नाही. त्या लोकांना जुन्या देवाच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती. मिशनच्या शाळेत त्यांची मुले बसली, प्रार्थनेला त्यांना आत घेतले गेले. दुष्काळाने त्यांना मिशनच्या दारापर्यंत आणले असेल. आत बसवून ठेवले ते माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीने. रमाबाईही शेवटी ख्रिस्ताकडे गेल्या, पण १८८३ साली, भुकेला मागे टाकून बराच काळ लोटल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जिथे जगणे सुरक्षित तिथे धर्म ओसरतो आणि जिथे असुरक्षित तिथे तो घट्ट राहतो, असे पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी अनेक देशांच्या पाहण्यांवरून २००४ साली मांडले. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर बाकी देशात धर्म ओसरत असताना भूकंपग्रस्त भागात तो थोडा वाढल्याचेही संशोधकांना आढळले. ही निरीक्षणे मला मान्य आहेत. पण पहिली गोष्ट पिढ्यापिढ्यांची आहे: असुरक्षित समाजात मूल देवाच्या सावलीत वाढते, म्हणून ते आस्तिक होते. दुसरी शेजाऱ्यांच्या आधाराचीही असू शकते. घर पडल्यावर चर्चमध्ये माणसे भेटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या पाहणीत कठीण प्रसंगी प्रार्थनेने धीर आला असे असंख्य जवानांनी सांगितले. भिंगार कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या फौज आहे, तिथल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. तरी गोळ्यांच्या वर्षावात तोंडी आलेले देवाचे नाव आणि लढाई संपल्यावरची श्रद्धा यांत अंतर आहे. पहिल्यावरून दुसरीचा निकाल देता येत नाही.

राहिला प्रश्न अश्रद्धेचा. ती चैन आहे, संकट आले की गळून पडते, असे सांगितले जाते. गोपाळ गणेश आगरकरांनी गरिबी भोगली, दम्याने ते झिजले, पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. १८९५ साली मरेपर्यंत त्यांनी मत बदलले नाही. आणि नगरच्या किल्ल्यात तर ही कसोटी एकाच भिंतीआड झाली. तिथे आस्तिक मौलाना आझाद होते, धर्माची ओढ नसलेले नेहरू होते, आणि मार्क्सवादी असून बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असलेले आचार्य नरेंद्र देव होते. जिवाला धोका नव्हता हे खरे, पण सुटका कधी होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि सुरुवातीला पत्रे आणि वर्तमानपत्रेही बंद होती. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. सरकारला काही कळवायचे असेल तर पाठवतो, असे किल्ल्याच्या अधिकाऱ्याने विचारले होते. आझादांनी काहीही मागितले नाही. ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांत त्यांनी लिहिले आहे की वारशाने आलेला धर्म तरुणपणी आपल्या हातून सुटला होता आणि शंकेच्या वाटेने आपण पुन्हा श्रद्धेपर्यंत आलो. अशा श्रद्धेला पत्नीच्या मृत्यूने धक्का बसला नाही, कारण तिने पत्नीला वाचवण्याची हमी कधी दिलीच नव्हती. त्याच आवारात नेहरू दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून फुलझाडे लावत होते आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. बंगालच्या दुष्काळाचा संताप त्या पुस्तकात आहे, देवाचा धावा नाही. किल्ल्यातून बाहेर पडल्यावर नऊ वर्षांनी, जून १९५४ मध्ये केलेल्या मृत्युपत्रातही त्यांनी लिहून ठेवले की आपल्यामागे कोणतेही धार्मिक विधी होऊ नयेत.