आप्पांची येझदी आणि सीटखालचा खटका

टिळकवाडीतल्या जुन्या मंडळींना येझदी आठवत असेल. आयडियल जावा कंपनीनं 1961 पासून म्हैसुरात जावा काढल्या, पुढं त्याच गाड्या येझदी झाल्या. 1996 ला कारखाना बंद. सीमाप्रश्नावर रोज तावातावानं बोलणारे आमचे आप्पा म्हैसूरच्या या गाडीवर मात्र जीव टाकायचे!

तिची चावी म्हणजे हेडलाइटवर खुपसायचा खिळाच. शेजाऱ्यांची चावी आमच्या गाडीला चालायची. आतले कॉन्टॅक्ट ढिले झाले, तशी खड्ड्याखड्ड्यात गाडी बंद पडायला लागली. शेवटी उद्यमबागच्या एका मिस्त्रीनं बॅटरीकडून कॉइलला जाणाऱ्या वायरीत सीटखाली टॉगल स्विच बसवला. खटका वर करा, किक मारा. "चोराला सापडतंय होय?" आप्पा खूश.

पण चावी खिशात आली की गाडी बंद आहे हे कळतं, खटक्याचं तसं नाही. तो वर राहिला आणि पॉइंट मिटलेले असले, की कॉइल तापत राहते, 6 व्होल्टची बॅटरी उतरते.

दहावीच्या सुट्टीत मी गुपचूप गाडी फिरवली. दारात क्लच सुटून इंजिन बंद पडलं, मी तशीच स्टँडवर लावली.

पहाटे खानापूरहून निरोप आला, आजी अत्यवस्थ. आप्पांनी सीटखाली हात घातला. खटका वरच होता. तरी वीसेक किका मारल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसस्टँडकडे चालत निघाले.

ते पोचेपर्यंत आजी गेली होती. काकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "बॅटरी उतरली होती."